सात पिढ्यांचा दाणा

आषाढी एकादशीचा दिवस होता. गोरेगांवच्या आमच्या घरीं फराळाचीं पानें मांडलीं होतीं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन अमेरिकेंतून आली होती. त्यामुळें पुष्कळ वर्षांनीं घरांत लहान पावलांचा आवाज ऐकूं येत होता. मुलाला शेंगदाणा चालत नाहीं, हें भाचीनें येण्यापूर्वीं तीन वेळां कळविलें होतें. माझ्या आईनें त्याप्रमाणें त्याच्यापुरती बटाट्याची भाजी निराळी केली होती. परंतु ज्या उलथन्यानें साबुदाण्याची खिचडी परतली, तेंच उलथनें त्या भाजींतहि फिरलें. मुलानें दोन घांस घेतले आणि ओठ चोळूं लागला. पांच मिनिटांच्या आंत त्याच्या मानेवर व पोटावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि प्रत्येक श्वासाबरोबर शीळ वाजूं लागली. भाचीनें पिशवींतून एक पिचकारी काढली, मुलाला मांडीवर टेकवून घेतलें आणि कपड्यावरूनच त्याच्या मांडीच्या बाहेरच्या अंगास ती टोंचली. आम्ही जीप काढून हिंगोलीचा रस्ता धरला. वाटेंतच त्याचा श्वास मोकळा झाला. तरी दवाखान्यांत त्याला रात्रभर डोळ्यांखालीं ठेवण्यांत आलें, कारण अशी बाधा ओसरल्यावर कांहीं तासांनीं पुन्हां उलटूं शकते. सकाळीं तो चेंडू मागत उठला.

आई मात्र त्या रात्रीं झोंपली नाहीं. ती मला म्हणाली, "आपल्या सात पिढ्या दाण्यावर जगल्या रे. कुणाला काहीं झालं नाहीं. एवढ्याशा दाण्यानं लेकराचा जीव जातो म्हणतात, हें माझ्या मनाला पटत नाहीं बघ."

मी इतिहासाचा शिक्षक आहें. आईच्या वाक्याला उत्तर देण्याची माझी प्राज्ञा नाहीं. पण तें वाक्य तपासून पाहण्याची संवय मात्र अंगीं मुरलेली आहे. या वाक्यांत दोन विधानें आहेत. पहिलें असें कीं, आमच्या सात पिढ्या भुईमुगावर पोसल्या. दुसरें असें कीं, त्यांत कोणास कांहीं झालें नाहीं. दोहोंचाहि विचार क्रमानें करूं.

भुईमुगाचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंत, बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिना यांच्या सीमाप्रदेशांत आहे. पेरू देशांत त्याचे हजारों वर्षांपूर्वींचे अवशेष सांपडले आहेत. आणि १९८७ सालीं तेथील सिपान येथें एका मोचे अधिपतीची समाधि उघडली, तेव्हां त्याच्या अंगावर सोन्याच्या व रुप्याच्या शेंगांची माळ होती. जी वस्तु आपण मूठभर खिशांत टाकून चालतांना फोडून खातों, ती तेथें राजाच्या गळ्यांत शोभत होती. पुढें युरोपियन दर्यावर्दी लोकांनीं, मुख्यतः पोर्तुगीजांनीं, ती आफ्रिकेंत व पूर्वेकडे नेली. हिंदुस्थानांत ती एकाच वाटेनें आली नसावी, हें तिच्या नांवांवरूनच दिसतें. तामिळ भाषेंत तिचें एक नांव मनिला शहराची आठवण ठेवणारें आहे, तर बंगालींत तिला चिनी बदाम म्हणतात. आम्ही मराठी लोकांनीं मात्र तिच्या कुळावर लक्ष ठेवून 'भुईमूग' हें नांव दिलें. आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तेंच सर्वांत सरस आहे. इंग्रजी नांव ऐकून कित्येकांस ती बदाम-अक्रोडांच्या जातीची वाटते. वस्तुतः ती मूग, तूर, हरभरा यांची बहीण आहे. फूल वर येतें, परंतु फूल गळल्यावर त्याचा देंठ वाढून जमिनींत शिरतो. शेतकरी त्यास आऱ्या सुटल्या असें म्हणतो. शेंग धरते ती भुईच्या पोटांत.

हें पीक महाराष्ट्रांत रुजलें तें घाटावरच्या हलक्या जमिनींत, विशेषेंकरून सातारा-कोल्हापूर भागांत, एकोणिसाव्या शतकांत. त्या काळीं फ्रान्समधील मार्सेय बंदराच्या तेलगिरण्यांना साबण व तेल यांसाठीं भुईमूग हवा होता. पाँडिचेरी आणि मद्रास किनाऱ्यावरून तो तिकडे जाऊं लागला व मुंबईचा व्यापारीहि त्या मार्गास लागला. म्हणजे ही शेंग आमच्या शेतांत प्रथम आली ती आमच्या ताटासाठीं नव्हे, परदेशच्या साबणासाठीं! पुढें टिक्का रोगानें जुन्या पसऱ्या जातींचें बळ गेलें, तेव्हां विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें स्पॅनिश व जपानी नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या, लवकर तयार होणाऱ्या जाती आणून दिल्या आणि पिकास पुन्हां उठाव मिळाला.

मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. आमच्या भागाचें तेल म्हणजे करडईचें. त्याच्या जोडीला तीळ, जवस आणि कारळें. तेल्याच्या घाण्यावर तें निघे व पेंड जनावरांस जाई. हैदराबाद संस्थानांत भुईमुगाची लागवड झपाट्यानें वाढली ती मुख्यतः १९२० नंतरच्या दोन दशकांत, रेल्वे व तेलगिरण्या यांच्या आश्रयानें. त्यापुढें १९३७ सालीं डालडा बाजारांत आला आणि वनस्पति तुपाच्या कारखान्यांनीं भुईमुगाच्या तेलाची भूक आणखी वाढविली. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान विलीन झालें, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ निघालें, पूर्णा नदीवर येलदरीचें धरण झालें आणि उन्हाळी भुईमुगाला पाणी मिळूं लागलें. भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचें कृषि विद्यापीठ यांनीं मिळून काढलेली 'टीएजी-२४' ही उपटी जात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शेतकऱ्यांच्या हातीं आली. त्या नांवांतील पहिलीं दोन अक्षरें ट्राँबे व अकोला यांचींच आहेत. आतां त्याच रानांत सोयाबीन व हळद यांनीं भुईमुगाला मागें सारलें आहे.

हा हिशेब मांडला म्हणजे सात पिढ्यांच्या तीन किंवा फार तर चार उरतात. माझ्या आईची पणजी ज्या चुलीपुढें बसे, त्या चुलीजवळ दाण्याच्या कुटाचा डबा नसण्याचाच संभव अधिक. मग आईला सात पिढ्या कां वाटाव्यात? कारण हा परका पाहुणा इतका घरचा झाला कीं, त्यानें आमच्या भाषेंतले शब्दहि बळकावले. 'दाणा' म्हणजे वास्तविक कोणतेंहि धान्य. आज स्वयंपाकघरांत 'दाणे आण' म्हटलें तर दुसरें कांहीं कोणी आणीत नाहीं. 'गोडें तेल' म्हणजे पूर्वीं तिळाचें. तें नांवहि भुईमुगानें उचललें. सर्वांत मोठें नवल उपवासाचें. शेंगदाणा, बटाटा, रताळें, मिरची, राजगिरा आणि ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हीं सगळीं अमेरिका खंडाचीं लेंकरें. एकादशीला वर्ज्य धान्यांची जी नांवें परंपरेनें सांगितलीं, त्यांत हीं नव्हतीं. कारण तीं येथें आलींच नव्हतीं. निषेध नाहीं म्हणून मुभा मिळाली आणि मुभेचा मग नियम झाला. विठ्ठलाच्या नांवानें आपण जें ताट वाढतों, तें बहुतेक सबंध समुद्रापलीकडून आलें आहे. यांत कमीपणा कांहीं नाहीं. परक्याला इतक्या सहजतेनें घरांत घेणें हा आमच्या समाजाचा एक चांगला गुणच मी मानतों.

आणि पाहुणाहि गुणी निघाला. वजनाचा चौथा हिस्सा प्रथिनें व जवळजवळ निम्मा हिस्सा तेल, इतकें पोषण इतक्या स्वस्तांत देणारा पदार्थ गरिबाला दुसरा कोणता मिळावा? महात्मा गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत फलाहाराचे प्रयोग केले, त्यांत भुईमुगाच्या कच्च्या दाण्यांना प्रमुख स्थान होतें. १९९६ सालीं फ्रान्समध्यें दाण्याचा लगदा, दूध व साखर यांचें जें मिश्रण तयार झालें, त्यानें पुढें आफ्रिकेंतील असंख्य कुपोषित मुलांना मरणाच्या दारांतून परत आणलें. तेव्हां जो पदार्थ एका मुलाला जीवन देतो, तोच दुसऱ्याच्या जिवावर उठतो, हें कोडें सोडवावयाचें असेल तर दाण्यांत विष शोधून उपयोग नाहीं. विषाची गोष्ट निराळी. १९६० सालीं इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हां दोष ब्राझिलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचा ठरला. तें विष जो खाईल त्याला बाधणारें. आमच्या मुलाला जें बाधलें तें शेजारच्या पानावरच्या चार जणांनीं हंसत खाल्लें होतें. बाधा दाण्यांत नव्हती. त्या मुलाच्या शरीरानें दाण्याला जें ओळखलें, त्या ओळखींत होती.

येथें आईच्या दुसऱ्या विधानाकडे वळतों. मराठींत 'वावडें' हा एक फार सुंदर शब्द आहे. एखाद्याला वांग्याचें वावडें असतें, एखाद्याला अंड्याचें. परंतु या एका शब्दाच्या पोटांत आम्हीं चार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. नावड, आचाराचा निषेध, पचनाची तक्रार आणि प्राणांतिक बाधा या सर्वांना आम्ही वावडेंच म्हणतों. त्यामुळें 'मुलाला दाण्याचें वावडें आहे' हें वाक्य ऐकतांच घरचें माणूस त्याचा अर्थ 'पोराला दाणे आवडत नाहींत' असा करून घेतें व थोडेसे लपवून खाऊं घालून तोंड धरावें असें त्याला वाटतें. हा प्रेमाचा गैरसमज आहे. पण गैरसमज आहे, आणि घातक आहे.

आमच्या प्राचीन वैद्यकाला हा विषय अगदींच अपरिचित नव्हता. सात्म्य आणि असात्म्य, म्हणजे शरीराला मानवणारें व न मानवणारें, असा भेद तेथें केलेला आहे. नित्य सेवनानें जें मानवूं लागतें त्यास ओकसात्म्य असें नांव आहे. शीतपित्त, उदर्द व कोठ या नांवांखालीं अंगावर गांधी उठण्याचीं वर्णनें आहेत. परंतु तेवढ्यावरून पूर्वजांना सारें ठाऊक होतें असें म्हणणें म्हणजे त्यांचा गौरव नव्हे, इतिहासाचा अपलाप होय. एक माणूस जें पचवितो त्याच्या कणानें दुसरा कां मरावा, याची कारणमीमांसा विसाव्या शतकाची आहे. आणि ती एका राजाच्या नौकेवर सुरू झाली.

१९०१ सालीं मोनॅकोचा अधिपति पहिला आल्बर्ट यानें आपल्या नौकेवर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना समुद्रांतील दंशकारी प्राण्यांचें विष अभ्यासण्यास नेलें. परत आल्यावर समुद्रपुष्पाच्या विषाची अल्प मात्रा कुत्र्यांना देऊन, लस टोंचल्यावर होतें त्याप्रमाणें त्यांचें शरीर विषास सरावेल, अशी त्यांची अपेक्षा होती. झालें नेमकें उलट. पहिली मात्रा सोसलेल्या कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनीं तीच अल्प मात्रा पुन्हां देतांच तो कांहीं मिनिटांत गतप्राण झाला. १९०२ सालीं रिशेनें या घटनेला 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणजे रक्षणाच्या उलट अवस्था असें नांव दिलें. १९१३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. १९०६ सालीं व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानें 'बदललेली प्रतिक्रिया' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून 'ॲलर्जी' हा शब्द बनविला. १९२१ सालीं प्राउस्निट्झ व क्यूस्टनर या दोघांनीं याहून धीट प्रयोग केला. क्यूस्टनरला मासे सोसत नसत. त्याच्या रक्तांतील द्रव प्राउस्निट्झनें स्वतःच्या कातडींत टोंचून घेतला व दुसरे दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. तेथें गांध उठली. दोष रक्तांतील कोणत्या तरी पदार्थांत आहे, हें सिद्ध झालें. तो पदार्थ कोणता हें सांपडण्यास मात्र पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९६६-६७ सालीं अमेरिकेंत इशिझाका दांपत्यानें व स्वीडनमध्यें योहान्सन आणि बेन्निश यांनीं तो स्वतंत्रपणें ओळखला. आज त्यास इम्युनोग्लोब्युलिन-ई म्हणतात.

यांतील क्रिया थोडक्यांत अशी. शरीराचें रक्षण करणारें सैन्य एकदां चुकीनें भुईमुगाच्या प्रथिनास शत्रु समजतें व त्याच्या ओळखीच्या खुणा तयार करतें. या खुणा कातडी, श्वासनलिका व आंतडें यांतील विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढें तें प्रथिन पुन्हां आलें कीं या पेशी फुटल्याप्रमाणें आपल्यांतील हिस्टॅमिनादि द्रव्यें एकदम सोडतात. त्यानें गांधी उठतात, सूज येते, श्वासनलिका आवळते, रक्तवाहिन्या सैल पडून रक्ताचा दाब कोसळतो. शत्रु नसतांना किल्ल्याच्या तोफा आपल्याच गांवावर सुटाव्यात, तसा हा प्रकार आहे. यावर तत्काळ चालणारें औषध एकच, ॲड्रिनॅलिन. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञानें तें शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें तें १९०१ च्या सुमारास, म्हणजे ज्या काळीं रिशेला हा रोग दिसला त्याच काळीं. दुखण्याचें नांव आणि त्याचें औषध असे हातांत हात घालून आल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या इतिहासांत थोडीं आहेत.

परंतु या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण याहून अलीकडचें आहे, आणि तें विद्वानांच्या चुकीचें आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांत ही बाधा वाढत चालली, तेव्हां तेथील अधिकारी मंडळांनीं साधा तर्क केला कीं, बाधतें तें लवकर देऊंच नये. ज्या कुटुंबांत दमा, इसब वगैरे विकार आहेत त्यांतील मुलांना तीन वर्षांचीं होईपर्यंत शेंगदाणा वर्ज्य करावा, असा सल्ला ब्रिटनमध्यें १९९८ सालीं व अमेरिकेंत २००० सालीं देण्यांत आला. आयांनीं तो निष्ठेनें पाळला. बाधा मात्र कमी झाली नाहीं. लंडनच्या गिडियन लॅक या वैद्यानें तेल-अव्हीव येथें एका व्याख्यानांत तेथील डॉक्टरांना विचारलें कीं, या वर्षांत तुमच्यापैकीं किती जणांनीं भुईमुगाच्या बाधेचा रोगी पाहिला? ब्रिटनमध्यें या प्रश्नाला बहुतेक सर्वांचे हात वर जात. तेथें दोन-तीनच गेले. इस्रायलमधील मुलें दांत येण्याच्या वयापासून भुईमुगाचा एक कुरकुरीत खाऊ चघळतात, हें त्याच्या लक्षांत आलें. २००८ सालीं दोन्ही देशांतील मिळून दहा हजारांवर ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्यें १.८५ टक्के, इस्रायलमध्यें ०.१७ टक्के. वंश सारखा, ताट निराळें.

पुढें लॅक व त्याच्या सहकाऱ्यांनीं ६४० बालकें घेतलीं. तीं चार ते अकरा महिन्यांचीं, तीव्र इसब किंवा अंड्याची बाधा असलेलीं, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरचीं होतीं. निम्म्यांना शेंगदाणा नियमानें खावयास दिला, निम्म्यांना कटाक्षानें वर्ज्य केला. २०१५ सालीं निकाल आला. ज्यांची त्वचापरीक्षा आरंभीं निर्दोष होती त्यांच्यांत, पांचव्या वर्षीं, वर्ज्य करणाऱ्यांपैकीं १३.७ टक्के मुलांना बाधा होती, खाणाऱ्यांपैकीं १.९ टक्के. ज्या पथ्यानें रोग टळावयाचा त्याच पथ्यानें तो वाढत होता! त्याचें आज मान्य होत असलेलें स्पष्टीकरण असें कीं, परकी वस्तु तोंडावाटे आंतड्यांत गेली म्हणजे शरीर तिच्याशीं सख्य करतें. परंतु फुटलेल्या, इसबलेल्या कातडींतून ती आंत शिरली म्हणजे वैर धरतें. घरांत सर्वत्र दाण्याचे कण उडत असावे आणि मुलाच्या तोंडांत मात्र कधींच जाऊं नयेत, ही स्थिति सर्वांत वाईट. २००३ सालींच ब्रिटनमध्यें असें दिसलें होतें कीं, भुईमुगाचें तेल असलेलीं मलमें ज्या तान्ह्या मुलांच्या चिडलेल्या त्वचेला लाविलीं, त्यांच्यांत ही बाधा अधिक होती. २०१७ पासून अमेरिकेंतील सल्ला उलटा झाला आहे, आणि त्यानंतर तेथील लहान मुलांत ही बाधा उतरूं लागल्याचीं निरीक्षणें २०२५ सालीं प्रसिद्ध झालीं आहेत.

हें वाचतांना मला आमच्या उष्टावणाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. पांचव्या-सहाव्या महिन्याला मामाच्या मांडीवर बसवून मुलाला पहिला घांस द्यावयाचा व त्यानंतर घरांत जें शिजेल त्याचें बोट त्याला चाटवावयाचें, ही आमची रीत. पूर्वजांनीं प्रयोगशाळेंत ती सिद्ध केली नव्हती. परंतु ती मोडण्याची घाई कोणी करूं नये एवढें खरें. मात्र सबंध दाणा लहान मुलाच्या हातीं कधींहि देऊं नये. तो श्वासनलिकेंत अडकतो. बारीक कूट किंवा लगदा खिमटींत कालवून द्यावा. आणि ज्या मुलाला तीव्र इसब आहे किंवा अंडें बाधलेलें आहे, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून प्रथम दाणा देऊं नये.

मग आईचें दुसरें विधान खरें कीं खोटें? अंशतः खरें. बंगळूर भागांतील शाळकरी मुलांची जी आंतरराष्ट्रीय पद्धतीनें पाहणी झाली, तींत कोणत्याहि अन्नाची संभाव्य बाधा अवघी ०.१४ टक्के आढळली. अमेरिकेंत एकट्या भुईमुगाचीच बाधा सुमारें दोन टक्के मुलांत आहे. परंतु 'कमी' म्हणजे 'नाहीं' नव्हे. मुंबईचे डॉ. प्रमोद निफाडकर, सरिता पाटील व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हरभरा हा आपल्याकडील एक प्रमुख बाधक पदार्थ असल्याचें दाखविलें. म्हणजे आपल्या शरीरांतहि ही चूक घडते; तिचा रोख निराळ्या दाण्यावर असतो इतकेंच. शिवाय इतिहासाचा एक नियम येथेंहि लागू आहे. कागद सांपडला नाहीं म्हणून घटना घडली नाहीं असें होत नाहीं. जेवतां जेवतां निळें पडलेलें मूल पूर्वीं दृष्टीच्या, बाहेरच्या बाधेच्या किंवा ठसक्याच्या खातीं जमा होत असे. ज्या रोगाला नांव नाहीं, त्याचे बळी मोजले जात नाहींत.

आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियांत असें आढळलें कीं, आशियांत जन्मून तिकडे गेलेल्या मुलांपेक्षां, आशियाई आईबापांच्या पोटीं तिकडेच जन्मलेल्या मुलांत भुईमुगाची बाधा पुष्कळ अधिक आहे. रक्त तेंच, भूमि निराळी. आमच्या भाचीच्या मुलाचें हेंच झालें. तो आमच्याच कुळांतला. परंतु त्याचें पहिलें वर्ष, त्याचें पाणी, त्याची माती आणि त्याचा पहिला घांस निराळ्या मुलखांतला. आज गोरेगांवसारख्या गांवांतूनहि मुलें पुण्यामार्गें परदेशीं जातात, व सुट्टींत नातवंडें घेऊन परत येतात. तेव्हां हा प्रश्न आतां केवळ साहेबाच्या देशाचा राहिलेला नाहीं.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगणें मला अवश्य वाटतें. अशा मुलासाठीं भांडें, चमचा, उलथनें, खलबत्ता व मिक्सरचें भांडें निराळें ठेवावें. निराळा पदार्थ करणें पुरत नाहीं, हें आम्ही शिकलों. घाण्याच्या तेलांत प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून तें टाळावें. बंद पुड्यांवर भुईमूग असल्यास तसें छापण्याचें बंधन २०२० च्या केंद्रीय नियमांनीं घातलेलें आहे, तें वाचावें. परंतु जत्रेंतली चिक्की, देवळांतला प्रसाद व शेजारणीनें दिलेला लाडू यांवर कांहींच छापलेलें नसतें. बाधा दिसतांच लिंबू-पाणी, ताक किंवा गांधींवरची गोळी यांवर विसंबूं नये. गोळीनें खाज थांबते, श्वास थांबावयाचा राहत नाहीं. ॲड्रिनॅलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूंत ताबडतोब द्यावयास हवें. आपोआप टोंचणारी पिचकारी आपल्या खेड्यांतील दुकानांत सहसा मिळत नाहीं, म्हणून बाहेरून येणाऱ्यांनीं दोन बरोबर आणाव्यात. आणि जवळच्या आरोग्यकेंद्रांत साध्या कुपींतील तें औषध तयार आहे ना, हें मूल येण्याच्या आधींच जाऊन विचारावें. रोग्याला चालवूं नये, उभें करूं नये. दम लागत असल्यास टेकवून बसवावें, नाहीं तर पाय उंच करून निजवावें. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. ज्याला बाधा जडली आहे त्याला 'संवय होईल' म्हणून घरीं थोडें थोडें देणें हा जिवाशीं खेळ आहे. तशा मोजक्या मात्रांची एक उपचारपद्धति आहे व तिच्यासाठीं भुईमुगाच्या पिठाचें एक औषध अमेरिकेंत २०२० सालीं मान्य झालें. पण ती तज्ज्ञाच्या नजरेखालीं, तयारीनिशीं करावयाची गोष्ट आहे.

हें सारें मी आईला माझ्या परीनें सांगितलें. रिशेचा कुत्रा आणि लंडनचा वैद्य यांत तिला फारसा रस वाटला नाहीं. परंतु तिच्या पणजीच्या काळीं गांवांत भुईमूग नसावा, हें ऐकून ती एकदम सावध झाली. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "खरंच रे. माझी आज्जी जवसाची चटणी करायची. भाजीला करडीचं तेल. दाणे फार नव्हतेच तेव्हां."

दुसरे दिवशीं तिनें दाण्याचा डबा, मिक्सरचें भांडें आणि तें उलथनें एका पिशवींत घालून शेजारीं ठेवावयास पाठविलें. नवी कढई काढली. जवस तिकडे तो खातो ना, हें भाचीला दोनदां विचारून घेतलें, मग जवस भाजले आणि पाट्यावर चटणी वाटली. तो पाटा दाण्यांपुढें कधींच आला नव्हता. कित्येक वर्षें तो मागच्या अंगणांत पालथा पडून होता. एकादशी उलटून गेली होती. मुलानें गरम भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली व आणखी मागितली. आई त्याच्या ओठांकडे बघत बसली होती. पंधरा मिनिटें झालीं, वीस झालीं, तेव्हां तिनें आपलें पान वाढून घेतलें.

सात पिढ्यांचा हिशेब चुकला होता. परंतु त्यापलीकडची एक पिढी तिला आठवली, आणि तेवढ्यावर त्या पोराचें जेवण झालें. इतिहास शिकवून मला पुष्कळ वर्षें झालीं. त्याचा इतका रोकडा उपयोग माझ्या पाहण्यांत क्वचितच आला असेल.